राजकारण बोला, पण नावानिशी

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माथ्यालाच एक सूचना असते: राजकीय आणि धार्मिक पोस्ट टाकू नयेत. वाढदिवस, लग्नपत्रिका, दुःखद निधन, सोयाबीनचा भाव, हरवलेली म्हैस, सगळं चालतं. राजकारण तेवढं नको. आमच्या जनवाड्यातही हीच रीत आहे. सूचना लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. भावाभावांत वितुष्ट येऊ नये, मतदानापायी शेजारधर्म तुटू नये, एवढंच त्यांना हवं असतं. तरीही माझं स्पष्ट मत आहे की या सूचनेने आमच्या गावांचं नुकसान केलं आहे.

बिदरहून औरादच्या वाटेला लागलं की जनवाडा येतं. इथे माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. जमिनीची पहाणी काढायला, पीकविमा भरायला, कर्नाटकातल्या गृहलक्ष्मी योजनेचा हप्ता कुठे अडकला ते बघायला माणसं येतात आणि काम होईस्तोवर फोन माझ्या हातात देतात. "अक्का, हे खरं हाय का बगा की जरा," हे मला रोज ऐकायला मिळतं. दाखवलेला मजकूर बहुतेक वेळा राजकारणाचाच असतो. पण त्यावर तसं लिहिलेलं नसतं. 'महत्त्वाची माहिती', 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा', 'आपल्या मुलाबाळांना जपा' असं लिहिलेलं असतं.

मग ती सूचना अडवते कुणाला? गटारीचं काम अर्धवट का पडलं, असं जो स्वतःच्या नंबरवरून विचारतो त्याला. आमदारांचं अमुक म्हणणं मला पटलं नाही, असं जो लिहितो त्याला. ॲडमिन त्याला लगेच हटकतो, 'भाऊ, इथं राजकारण नको.' तो माणूस गप्प बसतो, दोन-चार वेळा असं झालं की ग्रुप सोडतो. आणि कुठल्या तरी तिसऱ्याच मुलखातून फिरत आलेला, लिहिणाऱ्याचा ठावठिकाणा नसलेला मजकूर 'माहिती' म्हणून बिनबोभाट आत येतो. त्याला कुणी हटकत नाही, कारण त्याच्याशी वाद घालायचा तर घालायचा कुणाशी?

कर्नाटकात जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतीच्या सदस्यांची मुदत 2021 मध्ये संपली. त्यानंतर निवडणुका वर्षामागून वर्षं लांबत गेल्या आणि कारभार अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. शाळेचं गळकं छप्पर, पाण्याची टाकी, शिवारातला रस्ता हे जिथे विचारायचं ती सभाच रिकामी. यावर आमच्याकडच्या ग्रुपवर वाद पेटलेला मी पाहिला नाही. दिल्लीत कोण काय बोललं, पाकिस्तानात काय झालं, कुठल्या नटाने काय खाल्लं, यावर मात्र रात्री बारापर्यंत अंगठे उमटत असतात.

बेवारस मजकूर काय करतो, हे आमच्या जिल्ह्याने पाहिलं आहे. 13 जुलै 2018, शुक्रवार. हैदराबादचे काही तरुण औराद तालुक्यातल्या हंदीकेरा गावाकडे आले होते. त्यांच्याबरोबर कतारचा एक पाहुणा होता. वाटेत त्यांनी शाळेतल्या पोरांना चॉकलेटं वाटली. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या दिवसांत जो तो पुढे पाठवत होता. लोकांनी संशय घेतला, तरुण गाडीत बसून निघाले, आणि त्यांची गाडी पोचण्याआधी त्यांच्याविषयीचा मेसेज मुर्कीत पोचला. मुर्कीत रस्ता अडवला गेला. गाडी रस्त्याच्या कडेला खाली गेली. जमावाने आतल्यांना दगड-काठ्यांनी मारलं, सोडवायला गेलेले पोलीसही जखमी झाले. एक तरुण इंजिनिअर मेला, त्याचे साथीदार कसेबसे वाचले. पोलिसांनी तीसच्या आसपास माणसांना पकडलं, त्यांत व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही होता.

मुर्की म्हणजे कमलनगरकडचा भाग. घरोघरी मराठी, उदगीरशी रोजचं दळणवळण. आमच्या सोयरिकी ज्या गावांत होतात, त्यांतलं ते गाव आहे. तिथली माणसं पाहुण्याला पाण्याचा तांब्या दिल्याशिवाय नाव विचारत नाहीत. म्हणून 'गावंढळ लोक, अडाणी जमाव' असं जे तेव्हा शहरातून लिहिलं गेलं, ते मला आजही लागतं. त्याच महिन्याच्या 1 तारखेला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात हेच झालं होतं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आठवडी बाजारात आले होते. मुलं पळवणारे समजून त्यांना ठेचून मारलं. दोन गावं, दोन राज्यं, मधे शेकडो किलोमीटर, आणि अफवा एकच. त्या सुमारास फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेली होती. मोटरसायकलवरचे दोघे मुलाला उचलून नेतात आणि नंतर परत आणून सोडतात, असं तिचं मूळ रूप. परत आणून सोडण्याचा भाग कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा देशभर फिरवला.

मला मुर्कीच्या त्या दिवसाबद्दल एकच गोष्ट राहून राहून वाटते. त्या ग्रुपवर कुणी तरी, कुणाचा तरी काका, कुणाची तरी सून, एवढंच लिहायला हवं होतं: "कोण म्हणतंय हे? तू सोता पाहिलास का?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, सवय लागते. आणि ही सवय शांत दिवसांत, साध्या मतभेदांवर लागते. ज्या ग्रुपवर उलट बोलणं म्हणजे वातावरण बिघडवणं, असा रिवाज पडलेला असतो, तिथे ऐन वेळी कोण तोंड उघडणार?

व्हॉट्सॲप कंपनीने त्या सुमारापासून उपाय केले, नाही असं नाही. 'फॉरवर्डेड' ही खूण 2018 च्या जुलैतच आली. भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा त्याच महिन्यात घातली गेली. 2020 च्या एप्रिलपासून फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जातो. या मर्यादांनी वेग कमी होतो, हे खरं. पण मजकुराला धनी मिळत नाही. तो मेसेज माझ्यापर्यंत पाच जणांतून आला की पन्नास हजारांतून, त्याचा पहिला लिहिणारा कोण, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या बाबतीत मजकुराचं हे बेवारसपण आम्हाला आणखी जवळून जाचतं. 1956 च्या 1 नोव्हेंबरला जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्रात गेले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद इकडे राहिले. त्या दिवसापासून आमची नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. 2022 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जत तालुक्यातल्या गावांवरून वाद भडकला, बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. तेव्हा दोन्हीकडच्या फोनवर पुढाऱ्यांच्या नावाची ट्विटं फिरत होती. 14 डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी बोम्मई आणि शिंदे या दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवलं. बैठकीनंतर त्यांनी जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे: मोठ्या नेत्यांच्या नावाने बनावट ट्विटर खाती काढून आग लावली गेली आहे, आणि त्यावर गुन्हे नोंदवले जातील. मंत्र्यांच्या वाटाघाटींचं पुढे काय व्हायचं ते होवो. पण ज्या वाक्यांवरून उदगीरच्या मामाने जनवाड्याच्या भाच्याशी बोलणं सोडलं, त्यांतली काही वाक्यं कुणीच बोललेलं नव्हतं.

इथे मला बसवकल्याणची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तेही आमच्याच जिल्ह्यात. बाराव्या शतकात तिथे महात्मा बसवेश्वरांनी अनुभव मंटप उभा केला. अल्लमप्रभू शून्य सिंहासनावर, आणि समोर धोबी मडिवाळ माचिदेव, नावाडी अंबिगर चौडय्या, चांभार हरळय्या, अक्कमहादेवी. देव, जात, बाईमाणसाचा अधिकार, श्रम, राजाचा पैसा, सगळ्यावर तिथे बोललं गेलं. आजच्या भाषेत ते पोटभर राजकारण होतं. आणि तिथल्या वचनांची एक रीत पाहा. प्रत्येक वचनाच्या शेवटी वचनकाराचं अंकित, म्हणजे त्याची मुद्रा, येतं. कूडलसंगमदेव आलं की ते बसवण्णांचं, गुहेश्वर आलं की अल्लमप्रभूंचं, चन्नमल्लिकार्जुन आलं की अक्कमहादेवींचं. चौडय्याने तर देवाचं नाव न घालता स्वतःचंच नाव घातलं. आपल्या अभंगातही 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' आल्याशिवाय अभंग पुरा होत नाही. मुद्रेशिवाय रचना घराबाहेर पडत नव्हती. जे म्हटलं त्याची जबाबदारी कुणाची, हे ऐकणाऱ्याला त्याच क्षणी कळत होतं, आणि पटलं नाही तर कुणाशी भांडायचं हेही कळत होतं. बसवकल्याणात नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी 6 जानेवारी 2021 ला झाली. कोट्यवधींची ती इमारत व्हावी, जरूर व्हावी. पण त्या मंटपाची खरी गोष्ट, नावानिशी बोलणं आणि समोरच्याला उत्तर देणं, ही फुकटात मिळणारी आहे आणि आम्ही तीच टाकून दिली आहे.

नावानिशी वाद झाला की काय होतं, ते मी दुकानात पाहिलं आहे. 2024 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली आणि आमच्याकडच्या बायकांच्या फोनवर एक मेसेज फिरला: सीमाभागातल्या मराठी बहिणींनाही महिना पंधराशे, खालच्या लिंकवर फॉर्म भरा. तो खोटा होता. पण खरा वाटायला कारण होतं. आदल्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना देण्याचं जाहीर केलं होतं, त्यावर मोठा गदारोळही झाला होता. अर्ध्या खऱ्यावर उभी राहिलेली अफवा अशी सहज पाडता येत नाही. लिंक उघडून आधार आणि बँक खातं भरायला तीन जणी माझ्याकडे आल्या. त्याच वेळी उदगीरहून माहेरपणाला आलेली एक नणंद दुकानात होती.

तिने सांगितलं, ही योजना महाराष्ट्रात राहणाऱ्यांचीच, मी स्वतः अर्ज भरलाय. तिथून वाद सुरू झाला. इकडची म्हणाली, आमचं सरकार दोन हजार देतं, तुमचं पंधराशेच. उदगीरवाली म्हणाली, तुमचे दोन हजार घरात एकीलाच. मग बोटांवर हिशेब निघाला. गृहलक्ष्मी रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे घरात एकदाच. तिकडे लग्न झालेली आई आणि एकवीस पुरी झालेली एक बिनलग्नाची मुलगी, दोघींना मिळतात, म्हणजे तीन हजार. पण सासू सत्तरीची असेल तर तिला तिकडे काही नाही, वयाची अट पासष्टची. इकडे कार्डावर प्रमुख तीच असेल तर दोन हजार तिच्याच खात्यात. मग एसटी निघाली: तिकडे बायकांना अर्धं तिकीट, इकडे शक्ती योजनेत बस फुकट, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. "म्हंजे माहेरला जायचं म्हटलं की तुमची शक्ती संपली की," असं ती म्हणाली तेव्हा सगळ्या हसल्या, आणि मग एकीने विचारलं, हे पैसे कुठल्या कामाचे कापून देतात, ते कुणी सांगत नाही बघा. दोन्ही राज्यांच्या विधानसभेत विचारावा असा तो प्रश्न होता. मी तिला त्याचं उत्तर देऊ शकले नाही. पण लिंक कुणीच भरली नाही, आणि कुणाचं कुणाशी बोलणंही तुटलं नाही.

हे राजकारणच होतं. काँग्रेसचं सरकार इकडे, महायुतीचं तिकडे, आणि दोघींची मतं वेगळी. फरक इतकाच की प्रत्येक वाक्य बोलणारी समोर बसली होती, आणि संध्याकाळी एकाच घरात जेवायचं होतं.

सगळ्या गोष्टी दुकानाच्या बाकावर बसून बोलता येत नाहीत, हे मला कळतं. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं, हैदराबादला कामाला असलेली माणसं फोनवरच भेटणार. शिवाय आमच्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी. पोरांना मराठी बोलता येतं, पण देवनागरीत लिहायची सवय नाही. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. बायका आणि म्हातारी माणसं लिहीतच नाहीत, आवाज भरून पाठवतात. म्हणून आमच्याकडे आवाजावर फार विश्वास. ओळखीच्या गळ्यातून आलं की ते खरं. आता तो गळाही बनवता येतो. महाराष्ट्राच्या 20 नोव्हेंबर 2024 च्या मतदानाच्या तोंडावर काही नेत्यांच्या आवाजातल्या बिटकॉइनच्या ध्वनिफिती पसरल्या; तपासणी करणाऱ्यांनी त्यातले आवाज यंत्राने बनवलेले दिसतात असं सांगितलं, तोवर लोक मतदान केंद्रावर होते.

अशा वेळी सरकार म्हणतं, आम्ही कायदा करतो. 2025 च्या जूनमध्ये कर्नाटकात खोट्या बातम्यांविरुद्धच्या कायद्याचा मसुदा बाहेर आला, त्यात सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. खोटं पसरवणाऱ्यावर माझा राग कुणापेक्षा कमी नाही. पण खरं-खोटं ठरवायचा अधिकार सरकारच्या हाती द्यायला मी तयार नाही. पक्ष कुठलाही असो. जिल्हा पंचायतीची निवडणूक का होत नाही, हा प्रश्नच उद्या दिशाभूल ठरला तर? केंद्राने सरकारी कारभाराविषयीच्या मजकुराची तपासणी आपल्याच फॅक्ट चेक युनिटकडे देण्याचा नियम केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने 20 सप्टेंबर 2024 च्या निर्णयाने घटनाबाह्य ठरवला. मला तो निर्णय योग्य वाटतो. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला निव्वळ ॲडमिन म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, असं त्याच न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं, तेही योग्यच. मात्र कायद्याने सुटका झाली म्हणून ॲडमिनचं काम संपत नाही. ज्याच्या ओट्यावर चार माणसं जमतात, त्याला कोण काय बोलतंय याकडे लक्ष ठेवावंच लागतं.

म्हणून माझं मागणं ॲडमिन मंडळींकडे आहे, आणि ते सोपं आहे. 'राजकारण नको' ही ओळ काढा. तिच्या जागी लिहा: स्वतःचं मत स्वतःच्या शब्दांत मांडा, पुढे ढकललेला मजकूर टाकलात तर तो कुठून आला ते सांगा, सांगता येत नसेल तर काढून घ्या. कुणी पक्षाचं बोलेल, कुणी विरोधात बोलेल, चार दिवस तापेल. तापू द्या. शिवीगाळ झाली तर हटका. ज्याला उद्या पाणवठ्यावर, देवळात, लग्नात तोंड दाखवायचं आहे तो माणूस आपल्या नावाने किती खोटं बोलेल, याला मर्यादा असते.

दुसरं मागणं प्रशासनाकडे. मुर्कीनंतर चारच दिवसांनी, 17 जुलै 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या हुद्द्याहून कमी नसलेला अधिकारी जमावाच्या हिंसेवर लक्ष ठेवायला नेमा. अफवा पसरली की पोलिसांचा खुलासा निघतो, हेही मी पाहिलं आहे. पण मजकूर उदगीर-लातूरकडून मराठीत येतो, आणि खुलासा माझ्यापर्यंत पोचतो तो कानडी अक्षरांतल्या पत्रकाच्या फोटोतून. ज्या बाईने मराठीतली अफवा ऐकली, ती हे पत्रक कशी वाचणार? कानडी ही राज्याची भाषा आहे, ती आम्ही शिकतो, मुलांना शिकवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्र सरकारच्या 1956 च्या निवेदनातच, जिथे अशी वस्ती 15 ते 20 टक्के आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात, असं सुचवलेलं आहे. जीव वाचवणारी सूचना याहून महत्त्वाची कुठली असेल?

ती सूचना कागदावर नको, आवाजात हवी. मिनिटभराचा संदेश, मराठीत, कानडीत, दखनीत. बोलणाऱ्या अधिकाऱ्याने सुरुवातीलाच आपलं नाव, हुद्दा आणि ठाण्याचा नंबर सांगावा, म्हणजे शंका आली तर बाई उलट फोन लावून विचारू शकेल. औराद, कमलनगर, भालकी, हुलसूर, बसवकल्याण इथल्या ग्रामपंचायतींनी आपापल्या गावच्या ग्रुपांचे ॲडमिन कोण आहेत, त्यांची यादी करून ठाण्यात द्यावी. पाळत ठेवायला नव्हे, तर तासाभरात खुलासा पोचवायला. जनवाड्याची यादी करायचं काम मी अंगावर घ्यायला तयार आहे.